दुष्काळी पंजा

आदिनाथच्या तोंडाला झाकण नव्हतं. खोक्यांची शेकडो झाकणं त्यानं भिंगाखाली धरून तपासली, पण स्वतःच्या तोंडाला बसेल असं एक काही त्याला मिळालं नाही, हे त्याच्या आईचं, छबूबाईचं म्हणणं होतं. सकाळपासून तिनं ते चुलीपाशी, न्हाणीच्या दाराशी, पोळ्या लाटणाऱ्या बायांत, जो भेटेल त्याला ऐकवलं होतं.

"पाव्हण्यांचा पानउतारा केला. त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांचाच चिवडा खात. आन कशावरनं? बांधावरनं न्हाई, मानपानावरनं न्हाई. पुठ्ठ्याच्या खोक्यावरनं."

गोष्ट गेल्या दिवाळीची. हनुमंतची लेक कर्जतला ज्यांच्या घरात दिली, त्या पाहुण्यांनी, श्रीमंत त्यांचं नाव, भेटायला आलेल्या चार माणसांत काडतुसांचं एक जुनं खोकं मोठ्या अभिमानानं बाहेर काढलं होतं. आमच्या आज्याला गोऱ्या साहेबानं शिकारीच्या वेळी दिलेलं, म्हणाले. हनुमंत धाकट्या भावाकडं डोळे वटारून बघत होता, तरी आदिनाथनं ते उलटंपालटं केलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "पाव्हणं, पत्त्यात पिनकोड हाय. पिनकोड आला बहात्तर साली. साहेब त्याच्या पंचवीस वर्षं आदी बोटीत बसला."

माणसं हसली. श्रीमंत हसले नाहीत. तेव्हापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज छबूबाईच्या नवऱ्याच्या, सहादेवच्या वर्षश्राद्धाला हनुमंत स्वतः दोनदा जाऊन आला, म्हणून आले होते. जेवले, पण पुरणपोळी दुसऱ्यांदा घेतली नाही. छबूबाईनं ते बरोबर टिपलं होतं.

मिरजगावच्या त्या वस्तीवर दुपारी बाहेरची माणसं पांगली आणि घरची तेवढी ओसरीवर उरली. भिंतीवर सहादेवचा हार घातलेला फोटो होता, आणि त्याच्या खाली दोन रिकाम्या खुंट्या. तिथं चाळीस वर्षं बाराबोअरची बंदूक आडवी असायची. भुईमुगात डुकरं शिरली की सहादेव बार काढायचा. काळवीट आलं तर आभाळात, डुक्कर आलं तरी बहुतेक वेळा आभाळातच. तो गेल्यावर बंदूक कर्जतच्या ठाण्यात जमा झाली. राहिली ती खोकी.

खोकी मात्र या घरानं कधी टाकली नाहीत. एकात सुईदोरा, एकात दोडक्याचं बी, एकात हळकुंडं. आणि लोखंडी पेटीच्या तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तीन, ज्यांना छबूबाईशिवाय कुणी हात लावत नसे. लेकराची नाळ गळून पडली की ती वाळवायची आणि घरात असेल त्या खोक्यात ठेवून द्यायची, ही तिच्या सासूनं लावलेली रीत. पोरगं आजारलं की तीच उगाळून चाटवायची.

छबूबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. मराठी अक्षर बोट ठेवून वाची, इंग्रजीच्या वाटेला जात नसे. खोक्यावर सगळं इंग्रजी. त्यामुळे त्या पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचू शकतं, हा विचार तिच्या मनाला साठ वर्षांत शिवला नव्हता. खोकं म्हणजे खोकं.

मग चार वर्षांपूर्वी आदिनाथला हे वेड लागलं. सुप्याच्या एमआयडीसीत तो पुठ्ठ्याची खोकी छापायच्या कारखान्यात. घडी कशी पडते, डिंक कुठं लागतो, शाई कुठं सांडते, यात त्याची वीस वर्षं गेलेली. एका माळ्यावर त्याला वडलांच्याच वाघछाप काडतुसांची दोन खोकी सापडली, आणि एकसारखी दिसणारी ती दोन एकसारखी नाहीत हे त्याला उमगलं. झालं. रविवार आला की हा कुणाच्या तरी पोटमाळ्यावर. लोकांची पोरं देवदर्शनाला जातात, हा खोक्यांच्या दर्शनाला, असं छबूबाई म्हणायची. तो संध्याकाळी चहा पिता पिता तिला सांगत बसायचा. वाघाची शेपटी वर असली तर जुनं. शेपटी खाली आली तर नंतरचं. आणि वाघ जाऊन नुसता पंजा राहिला, तर ते सगळ्यात नवं, पंच्याऐंशीनंतरचं.

हे ऐकलं त्या संध्याकाळी छबूबाईच्या हातातली बशी कलली होती. कारण तळच्या तीन खोक्यांतल्या एकावर पंजा होता, आणि ते खोकं तिच्या दोन नंबरच्या लेकराचं होतं.

त्याच्या तोंडाला झाकण नाही, हे ती तेव्हापासून जरा जास्तच म्हणू लागली.

"आई," सत्यशीला म्हणाली. "आज माझं खोकं दे मला."

सत्यशीला राशीनला दिलेली. बावन्न वर्षांची, केस कानाशी पांढरे झालेली. तिच्या लेकीला महिन्यापूर्वी मुलगी झाली होती. नातीची नाळ तिनं धुतल्या फडक्यात बांधून पर्समध्ये आणली होती. आजीच्या खोक्यात नातीची नाळ ठेवायची, तीही याच घरची रीत.

"नेशील की. पळून चाललंय व्हय? आदी चहा घे."

"चहा झाला." सत्यशीलाचा आवाज हळू होता, पण ती जागची हलली नाही. "आन आदिनाथनं ते समद्यांम्होरं बघावं. कोणत्या सालचं ते सांगावं."

खांबाला टेकून सुपारी कातरत बसलेल्या मालनबाईचा अडकित्ता थांबला. ही सहादेवची बहीण. वयानं छबूबाईच्या बरोबरीची, जिभेनं तर वरचढ.

"सालाचं काय मधीच?" हनुमंत म्हणाला.

"आत्याला विचार. बारशात चार बायांत म्हनल्या, खडीवरचीची नात गोरी निघाली."

"मी आपलं गमतीनं म्हनले," मालनबाई म्हणाल्या.

"पन्नास वर्षं गंमतच चाललीय, आत्या. मी शाळेत हुते तवा गंमत. माज्या लग्नात गंमत. आता माज्या नातीपातूर आली." तिनं पदरानं ओठ पुसले. "शाळेचा दाखला काढला, तर त्याच्यावर एक जून. हनुदादाचा एक जून, आदिनाथचा बी एक जून. दाखला काय सांगणार? आदिनाथ मातुर खोक्याच्या बाबतीत खोटं बोलत न्हाई. पाव्हण्यांची बी भीड धरली न्हाई त्यानं. मी बहात्तरच्या दुष्काळातली. खोकं तवाचं निघालं, तर मी हितलीच. न निघालं, तर तसं सांगा. पर आता सांगा."

श्रीमंत पाहुण्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"व्हय की," मालनबाई म्हणाल्या. "बघू दे त्याला. वैनी, काढा पेटीतनं. भ्यायचं काय त्यात?"

छबूबाई उठली. भिते असं या बाईनं म्हणावं आणि आपण बसून राहावं, एवढं काही तिचं वय झालं नव्हतं. पण आतल्या खोलीत पेटीचं झाकण उघडलं आणि हात तिथंच राहिला.

त्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिच्या शेजारी खडी फोडायला एक बाई बसायची. भागूबाई नाव, पाथर्डीकडची, पोटुशी. नवरा ऊसतोडीला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. खडीच्या ढिगाआड ती बाळंत झाली आणि नवव्या दिवशी तापानं गेली. जाताना तिनं काही मागितलं नाही. नुसती पोरगी उचलून छबूबाईच्या ओच्यात ठेवली, दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी. छबूबाई तिथूनच माहेरी गेली. चार महिन्यांनी परतली ती लेकरू घेऊन, आणि गावाला सांगितलं, माहेरी बाळंत झाले. सहादेवला ठाऊक होतं. कामावर पाणी वाहायला होती म्हणून मालनबाईला ठाऊक होतं. बाकी कुणाला नाही.

पोरगी तेरा वर्षांची झाली आणि सुई शोधताना तिला पेटीत दोन खोकी सापडली. हे दादाचं, हे आदिनाथचं. माझं कुठं हाय? छबूबाईनं, बापानं कुठंतरी ठेवलंय, उद्या देते, असं सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ती आदिनाथची नाळ हातात घेऊन बसली. चिंचेच्या काडीएवढी, काळी, कडक. सहादेव दारात उभा होता. तिनं ती मध्यावर मोडली. आत जाऊन नुकतंच आणलेलं, न फोडलेलं खोकं त्यानं उघडलं, सगळी काडतुसं धोतराच्या सोग्यात ओतली आणि रिकामं खोकं तिच्यापुढं धरलं.

नवंकोरं खोकं. त्यावर पंजा होता, हे दोघांनाही दिसलं होतं. दोघांनाही तो चांगला वाटला होता.

छबूबाईनं तिन्ही खोकी पदराखाली घेतली आणि बाहेर आली.

आदिनाथ सतरंजीवर मांडी घालून बसला होता. चेहऱ्यावर त्याचा नेहमीचा शहाणपणा. खिशातून भिंग काढलं, हात धोतराला पुसावे तसे पँटला पुसले. छबूबाईनं आधी हनुमंतचं पुढं केलं.

"हे दादाचं," आदिनाथ म्हणाला. "शेपटी वर. कडंला तारंचे टाके बघा, डिंक न्हाई. पत्त्यात पिनकोड न्हाई. सत्तरच्या आतलं."

"मी सदुसष्टचा," हनुमंत म्हणाला. आणि मग, साठीकडं आलेला माणूस, लहान पोरासारखा हसला. "शाळेनं मला जूनमधी जन्माला घातलं. खोक्यानं तरी खरं सांगितलं."

"हात लावू नको दादा, टाका गंजलाय. अन् हे माझं. शेपटी खाली. तार गेली, डिंक आला. पिनकोड आला. हे अठ्ठ्याहत्तरच्या आगंमागं."

"आता तिचं," मालनबाई म्हणाल्या.

छबूबाईनं तिसरं खोकं त्याच्या हातात दिलं. देताना तिनं ते क्षणभर सोडलं नाही. आदिनाथनं वर पाहिलं. मग तिनं सोडलं.

त्यानं लुगड्याची चिंधी बाजूला केली. पंजा. छबूबाई त्याचं तोंड बघत होती. हे तोंड तिनं घडवलेलं, त्यातला प्रत्येक दात कधी आला हे तिला ठाऊक. त्याच्या भुवया वर गेल्या. खोट सापडली की जायच्या तशाच. ओठ उघडले. त्यानं झाकण उचललं, आतल्या कडेला जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का होता, तो भिंगातून पाहिला. मग भिंग खाली ठेवलं आणि सत्यशीलाकडं पाहिलं.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. नातीच्या नाळेचं फडकं दोन्ही मुठींत. लहानपणी त्याला गोवर निघाला तेव्हा ती अशीच बसलेली असायची, उशापाशी.

"आद्या," ती म्हणाली, "हाय ते सांग."

कुणीतरी खोकलं. आदिनाथनं आपला अंगठा जिभेला लावला.

खोक्याला कुणी नख लावलं तरी पिसाळणारा हा माणूस. पोरांनी हात लावू नये म्हणून खोक्यांना प्लॅस्टिकचे अंगरखे शिवून घेणारा. त्यानं थुंकी लावलेला अंगठा झाकणाच्या आतल्या कडेवर ठेवला आणि घासला. एकदा, दोनदा, जोर करून.

"धूळ लई बसलीय," तो म्हणाला.

"साल सांग की," मालनबाई म्हणाल्या.

"सांगतो आत्या. जरा दमानं. असलं खोकं रोज बघायला मिळत न्हाई." त्यानं झाकण पुन्हा बसवलं. "शेपटी वर आन शेपटी खाली, या दोन्हीच्या मधी एक वर्ष गेलं. दुष्काळाचं. त्या वर्षी कारखान्याला शाई मिळंना, कागद मिळंना. आख्खा वाघ छापायला शाई लई लागती. म्हणून नुसता पंजा छापला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, वाघ परत आला. ह्याला आमच्यात दुष्काळी पंजा म्हणत्यात. मी ऐकून हुतो. बघतोय आज."

"म्हंजी?" सत्यशीला म्हणाली.

"म्हंजी बहात्तर-त्र्याहत्तर, अक्का. दुसऱ्या कोणत्या सालचं असूच शकत न्हाई."

छबूबाईनं लुगड्याची चिंधी उचलून घडी घालायला घेतली. पण खांबापाशी अडकित्ता खटकन वाजला.

"नवलच हाय," मालनबाई म्हणाल्या. "पंजावालं खोकं मी पाव्हण्यांच्या घरी बी बघितलंय. लेकाच्या जन्माचा दाखला त्यातच ठेवल्यात त्यांनी. व्हय ना वो पाव्हणं? तुमचा ल्योक तर शहाऐंशीचा."

सगळ्यांच्या माना श्रीमंतांकडं वळल्या. छबूबाईला दिवाळीतला तो ओटा आठवला. या माणसाला आठ महिने जी संधी हवी होती, ती मालनबाईनं ताटात वाढून त्याच्यापुढं सरकवली होती. नुसतं व्हय म्हणायचं होतं. आदिनाथनं मान खाली घातली. त्याचा अंगठा मुठीत होता.

श्रीमंतांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली. त्यांनी आदिनाथकडं पाहिलं, त्याच्या मुठीकडं पाहिलं, मग सत्यशीलाकडं.

"हाय आमच्याकडं," ते म्हणाले. "पर ते निराळं. त्याचा पंजा डावा हाय. हा उजवा." टोपी डोक्यावर चढवून त्यांनी नीट बसवली. "आन दुष्काळातला उजवा पंजा मी ल्हानपनी आमच्या आज्याकडं बघितला हुता. आदिनाथराव सांगत्यात ते बराबर हाय. त्यांना खोक्यातलं कळतं."

डावा नि उजवा असं काही नव्हतंच, हे छबूबाईला कळलं. पुढं पोरं खोकं कितीही उलटसुलट करोत, पंजा हा पंजाच दिसणार होता. छबूबाईनं उठून पुरणपोळीचं ताट आणलं आणि पाहुण्यांच्या पुढं ठेवलं, वर तुपाची वाटी.

"पाव्हणं, मगाशी एकच घेतलीसा."

"वाढा ईनबाई," श्रीमंत म्हणाले.

सत्यशीलानं खोकं मांडीवर घेतलं. आतली काळी काडी तिनं बोटानं हलकेच बाजूला सारली आणि शेजारी नातीची नाळ ठेवली. मग ती रडायला लागली, आवाज न करता, आणि हनुमंत तिच्या पाठीवर हात ठेवून भलतीकडंच बघत बसला. मालनबाईंनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला.

"वैनी," त्या म्हणाल्या, "पोरीला पानी द्या."

"तुमीच द्या, वन्सं. तुमाला पानी द्यायची सवय हाय. त्या वर्षी बी तुमीच वाहात हुता."

मालनबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात रेटत उठल्या, माठातलं पाणी आणलं आणि तांब्या सत्यशीलाच्या हातात देताना तिच्या तोंडावरची बट मागं सारली. "पी गं, सत्यशीला," म्हणाल्या. पन्नास वर्षांत त्यांनी तिला तिच्या नावानं हाक मारलेली छबूबाईनं ऐकली नव्हती.

उन्हं कलायच्या आत जीप आली. सत्यशीला खोकं छातीशी धरून बसली. जीप हायवेला लागेपर्यंत आदिनाथ फाटकात उभा होता. मागं वळला तर आई तुळशीपाशी बसलेली.

"आई, मला एक इचारायचंय."

"बस."

तो बसला. त्याच्या हातात त्याचं स्वतःचं खोकं होतं. शेपटी खाली. त्यानं ते उघडून तिच्यापुढं धरलं. "माझी नाळ अर्धीच हाय. मोडल्यावानी दिसती."

"मोडलीच हाय."

"मग दुसरी अर्धी?"

"राशीनच्या जीपमधी."

आदिनाथनं खोकं बंद केलं. "नानांना ठावं हुतं?"

"खोकं कुनी रिकामं केलं मग? काडतुसं दोन म्हयने सोग्यात बांधून हिंडला तुजा बाप." तिनं त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. अंगठा जांभळा होता, नखापासून पेरापर्यंत. तिनं पदराचं टोक तुळशीच्या पाण्यात भिजवलं आणि पुसायला लागली. शाई निघेना. तिनं पुसणं थांबवलं नाही.

"चांगला शिक्का हुता, आई," तो म्हणाला. "इतका साफ मी कुठंच बघितला न्हाई."

"आसंल."

"आता माझ्या खोकीवाल्यांच्या ग्रुपमधी कुनी दुष्काळी पंजा इचारला तर काय सांगू?"

छबूबाईनं त्याच्या अंगठ्यावरून मान वर केली. सकाळपासून ज्याला नावं ठेवली त्या तोंडाकडं तिनं नीट, आडनजरेनं नव्हे, समोरून पाहिलं.

"आदिनाथा," ती म्हणाली, "शेचाळीस वर्षांत आज पयल्यांदा तू शान्यावानी बोललास. आन ते बी खोटं."